पुढचं लाकूड

"आदी फुडचा लाकूड हाडून दी, मगे नळये माग," बापूकाका म्हणाला आणि खाली मान घालून सुपारी कातरत राहिला.

मी त्याच्या अंगणात उन्हात उभी होते. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. सख्खा काका. आमच्या आणि त्याच्या घरांमध्ये एक गडगा, म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, आणि त्या गडग्यावरून तीस वर्षांत एक शब्द इकडून तिकडे गेला नव्हता.

"माझ्याकडे आसता तर मी तुझी पायरी चढलंय नसतंय," मी म्हटलं.

"तुझ्या बापाशीन गिळल्यान ता. तेचा कपाट बग."

"मेलेल्या माणसाचा नाव घेव नको, बापूकाका!"

"जितो होतो तेवापण मी ह्याच सांगत होतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तात्यांना, माझ्या वडिलांना, जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पाठच्या भावाने खांदा दिला नव्हता. आणि आता हा माणूस सुपारीच्या खांडांसारखी त्यांची अब्रू कातरत बसला होता. तरीही मी गेले नाही, कारण मला बंदूक हवी होती आणि अर्धी बंदूक त्याच्याकडे होती.

अर्धी हा शब्द मी तोलूनमापून वापरला आहे. आमच्या आजोबांची, रामजी धुऱ्यांची, एक दुनळी बंदूक होती. परदेशी, जुनी, बाहेरून दोन घोडे असलेली. आमच्या नेरखोल गावात डुक्कर उतरलं की लोक रामजी धुऱ्यांना हाक मारायचे. आजोबा गेले आणि वाटणी बसली. कुळागर, म्हणजे माडापोफळींची बाग, मधोमध कापलं, विहिरीचं पाणी दिवसाआड वाटलं, पितळेचा हंडा एकाला तर घंगाळ दुसऱ्याला. राहिली बंदूक. ती एक आणि भाऊ दोन. किंमत करून पैसे द्यावेत, तर दोघांनाही बंदूकच हवी. शेवटी पंचांनी अक्कल पाजळली. बंदूक उघडली, खांद्याला टेकवायचा दस्ता थोरल्याच्या, म्हणजे तात्यांच्या, हातात दिला, नळ्या धाकट्याच्या. दसऱ्याला दोघांनी एकत्र येऊन जोडायची, पूजा करायची, एक बार काढायचा आणि पुन्हा आपापला भाग घेऊन घरी जायचं. लोकांनी माना डोलावल्या. काय न्याय! म्हशीचं पुढचं अंग एकाला आणि मागचं एकाला, त्यातला प्रकार.

त्यात पंचांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. असली बंदूक दोन तुकड्यांत सुटत नाही, तीन तुकड्यांत सुटते. नळ्यांच्या खाली एक वीतभर लाकूड असतं, आत लोखंडी पट्टी. डाव्या हाताने बंदूक धरायची ती तिथे. ते लाकूड बसल्याशिवाय नळ्या दस्त्याला धरून राहत नाहीत. पहिल्याच दसऱ्याला तात्यांनी दस्ता धरला, बापूकाकाने नळ्या अडकवल्या, आणि नळ्या निसटून भटजींच्या पायावर पडल्या. मी तेव्हा परकरात होते. भटजींची किंकाळी मला अजून आठवते. आणि त्यानंतरची भावांची भांडणंही. तू चोरलंस, तू चोरलंस. तिथपासून गडगा बंद.

परवाना तात्यांच्या नावावर होता आणि तुकडे न बघताच दर खेपेला त्यावर शिक्का बसायचा; आता त्यांच्या पश्चात तो माझ्या नावावर करायचा होता. मी त्यांची एकुलती एक. कुळागर मी बघते, माकडं आणि डुकरं माझी केळी उलथीपालथी करतात, आणि माझे यजमान फटाक्यालाही कानात बोटं घालतात. ठाण्यातला हवालदार मात्र मला म्हणाला, "यजमानांच्या नावावर करा की, बाई. तुम्ही कुठं बंदूक चालवणार?" मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तो मग कागदपत्रांवर आला. बंदूक पूर्ण आणि चालू दाखवा, दिवाळीपर्यंत मुदत. तुकड्यांना परवाना मिळत नाही. नाहीतर असेल ते जमा करा, आणि जमा झालेलं शेवटी भट्टीत जातं.

हे मी बापूकाकाला सांगितलं. त्याचा अडकित्ता थांबला.

"भट्टीत? बाबांची बंदूक?"

"वितळवतत. कोयते नायतर खिळे करतीत तेचे."

त्याने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "लायसन तुझ्या नावार? चेडवाच्या?" मुलीच्या नावावर बंदूक त्याच्या घशाखाली उतरेना.

"तुझ्या झिलाच्या नावार करूया? तो खंय आसा? दुबईत?"

मुलाचं नाव निघताच तो उठला, आत गेला आणि धोतराच्या पानात गुंडाळलेल्या नळ्या घेऊन बाहेर आला. "बेळगावाक नझीरसाहेब आसा. बंदुकींचो कारागीर. जुने तुकडे ठेवता. जावया. पण नळये माझ्या हातात रवतले. तुझ्या हातात देवचंय नाय."

ठाण्यातून दुरुस्तीची परवानगी घेऊन आम्ही निघालो. एसटीत मी पुढच्या सीटवर दस्ता मांडीवर घेऊन, तो मागच्या सीटवर नळ्या पोटाशी धरून. आंबोलीचा घाट चढला तरी दोघांत शब्द नाही. कंडक्टरने विचारलं, "एकत्र ना?" तर दोघंही एकदमच म्हणालो, "नाय!"

नझीरसाहेबांचं दुकान एका बोळात. म्हातारा, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. नळ्या दस्त्यावर हाताने दाबून धरत त्यांनी प्रकाशात बघितलं आणि म्हणाले, "माल चांगला आहे की. गंजसुद्धा कमी. पुढचं लाकूड कुठाय?"

"तेच तर हवंय," मी म्हटलं.

त्यांनी फळीखालून एक खोका ओढला. त्यात तसली लाकडं भरलेली. लांब, आखूड, नक्षीची, बिननक्षीची, चिरलेली. एकेक काढून ते लावून बघत होते. एक बसेना, दुसरं अडकेना. तिसरं बसलं पण नळ्या खुळखुळल्या. खोका अर्धा झाला तसा बापूकाका अस्वस्थ झाला. खुळखुळणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याच द्या. चलात."

"चालंल की. बार काढला की नळी तुमच्या नाकावर येईल," नझीरसाहेब म्हणाले. "हे चपलेसारखं नाही, काका. ज्या बंदुकीचं लाकूड तिलाच बसतंय. नवीन करायचं तर आतलं लोखंड घासून घासून बसवावं लागतंय. माझी नजर आता तितकी राहिली नाही. वर्ष जाईल, आणि तरी सांगता येत नाही."

"आमच्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे."

"मग मूळचं शोधा की." त्यांनी एक जुनं लाकूड माझ्या हातात दिलं. "असं दिसंल. तुमच्या बंदुकीच्या जातीचं म्हणजे टोकाला शिंगाचा काळा तुकडा बसवलेला असणार. आत नंबर, नळीवर आहे तोच. आणि एक सांगू? ही वस्तू आपोआप हरवत नाही. कुणीतरी घरातल्याच माणसानं काढून ठेवलेली असतीय."

बस्स. ठिणगी पडायला एवढं पुरे झालं. बापूकाका माझ्याकडे बघून म्हणाला, "आयकलंस? घरातल्याच माणसान!"

"आयकलंय ना. तुझ्याच घरातल्या!"

"तुझो बापूस वाटणीच्या रात्री वोटयेर झोपलो होतो, बंदुकीच्या उशाक."

"आणि तू खंय झोपलेलंस? देवळात?"

"बाई, भांडण बाहेर करा की," नझीरसाहेब म्हणाले. "इथं काडतुसं आहेत."

परतीच्या एसटीतही तीच तऱ्हा. सावंतवाडीला उतरलो तर आमच्या गावची गाडी गेलेली, पुढची संध्याकाळची. दुष्काळात तेरावा महिना. तिथून शिरंगवाडी चालत जाण्याएवढी जवळ, आणि शिरंगवाडीला आवडाआते. तात्यांच्या पाठची आणि बापूकाकाच्या आधीची, या दोघांमधली एकुलती एक बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाली, मूल नाही. सासरच्यांनी दिलेल्या दोन खणांच्या घरात राहून कोकमं सुकवून विकायची. भाऊबीजेला दोघे भाऊ तिच्याकडे यायचे, एकमेकांची वेळ चुकवून. तात्या सकाळी, बापूकाका दुपारनंतर. तिला न भेटता परत गेलो असतो तर वर्षभर ऐकावं लागलं असतं, म्हणून गेलो.

"दोघा एकत्र?" दारात आम्हाला बघून ती म्हणाली. "कोण मेला आणि?"

"कोण नाय मेला. पाणी दी," बापूकाका म्हणाला.

पडवीत नेहमीसारखा अंधार होता. भिंतीला एकच बुटकी खिडकी. तिची फळी वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली. वर उचलायची आणि खाली एक लाकूड टेकवून ठेवायचं, म्हणजे उजेड येतो. बापूकाका आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीखाली, भिंतीला टेकून बसला. नळ्या मांडीवर. आते आत कोकमाचं सरबत करायला गेली.

मी समोर बसले होते. दिवसभरात शंभर लाकडं बघून माझ्या डोळ्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. मी सहज वर बघितलं. खिडकीच्या फळीखाली टेकवलेलं ते लाकूड. लहानपणी मी स्वतः ते कितीदा काढलं होतं आणि लावलं होतं. वीतभर लांब, मधे फुगीर, बाजूला बारीक जाळीदार नक्षी, टोकाला काहीतरी काळं चकाकणारं.

शिंग.

मी उठले आणि ते खेचलं. फळी धाडकन आपटली, पडवीत काळोख झाला आणि बापूकाका ओरडला, "अगो, काय करतंस?"

आतून आतेचा आवाज आला, अगदी शांत, हरवलेली वाटी सापडली का विचारावं तसा. "गावला एकदाचा?"

ती चिमणी घेऊन बाहेर आली. मी त्या उजेडात लाकूड उलटं केलं. आतली लोखंडी पट्टी तेल लावलेली, डाग नाही. आणि नंबर. बापूकाकाने नळ्या उलट्या करून बघितल्या. तोच.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण कमी बोलले नाही. तीस वर्षं! माझा बाप चोर म्हणवून घेत मेला. शेवटच्या दिवसांत गडग्याकडे तोंड करून पडलेला असायचा आणि भाऊ आला नाही. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं आणि तू भाऊबीजेला दोघांना ओवाळत राहिलीस? पाटावर बसवून शेवयांची खीर वाढत राहिलीस, आणि त्यांच्या डोक्यावर हे लाकूड! 

आतेने मला अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग चिमणी कोनाड्यात ठेवली आणि खाली बसली.

"झाला तुझा? आता माझा आयक," ती म्हणाली. "ती बंदूक पुसूचा काम कोणाचा होता? बाबा काडतुसां भरीत तेवा कोण बसा तेंच्याबरोबर? हेंका इचार. तीन तुकडे होतत ह्या त्या घरात बाबांक म्हायत होता आणि माका म्हायत होता. ह्या दोगांक फकत बार मारूक येय."

बापूकाका नळ्यांवरची धूळ पुसायला लागला, आते मात्र थांबली नाही.

"वाटणी बसली तेवा माझो घोव जावन म्हयनो झालेलो. मी म्हायराक होतंय. पंचांक मी म्हटलंय, माका मांगराएवढी, एका खोपीएवढी जागा देवा, ह्यां तोंड घेवन सासरी खंय जावू? सगळे हसले. म्हणाले, आवडाक एक लुगडा देवा. तात्या गप. ह्यो पण गप. मगे बंदूक सोडल्यानी. एक दस्तो, एक नळये. आणि ह्या लाकूड पाटार तसाच रवला. कोणी बगूकच नाय. तीन भावंडां आणि तीन तुकडे, वैजू. मी माझो तुकडो उचललंय आणि बोचक्यात बांधलंय."

"पण मगे सांगूचा तरी!" मी ओरडले.

"कोणाक? मी वाट बगत होतंय. दसऱ्याक भटाच्या पायार नळये पडले तेवा मनात म्हटलंय, आता येतीत. आता इचारतीत, आवडा, तू तर नाय ना घेतलंस? इचारल्यानी आसता तर त्याच घडयेक दिलंय आसतंय. पयली भाऊबीज इली. तात्या इलो, बापूच्या नावान बोटां मोडून गेलो. मगे ह्यो इलो, तात्याच्या नावान बोटां मोडून गेलो. म्हणून मुद्दाम खिडकीक लावलंय. बगा, म्हटलंय. दर वर्सा बगा." तिने बंद फळीकडे बोट दाखवलं. "चोर म्हणूनसुद्धा माझी याद झाली नाय कोणाक."

माझा राग तसाच होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. ती खोटं बोलत नव्हती. मीसुद्धा त्या दिवसापर्यंत सगळ्या गावावर संशय घेतला होता. हिच्यावर घ्यावा असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बापूकाका मात्र उसळला. "म्हंजे चोर तू! तू चोर!"

"हां!" आते म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, उजळला. "आता कसा! आणखी एकदा म्हण."

तो म्हणाला नाही. हात पुढे करून म्हणाला, "दी ता हंय."

"देतलंय. पण असाच नाय. येत्या दसऱ्याक सगळ्या भावकीसमोर सांगूचा. बंदुकीचो तिसरो वाटो आवडाचो, आणि तो आमी तेका दिलो नाय म्हणान. पंच आसतत तेंच्या कानार जावंक व्हया. आणि बार मी मारतलंय."

"माका भावकीत तोंड दाखवक जागा रवात?"

"माका खंय होती?"

तो उठला. नळ्या काखेत मारल्या आणि चालता झाला. नळ्या गेल्या म्हणजे बंदूक गेली, दिवाळीनंतर भट्टी. मी त्याच्यामागे धावले आणि स्टॉपवर त्याला गाठलं. तिथे दुधाच्या किटल्या घेतलेली दोन माणसं उभी होती. मी त्यांची भीड ठेवली नाही.

"जा! जा घेवन!" मी म्हटलं. "तीस वर्सां भावाक चोर म्हणूक तोंड होता तुका, आणि भयणीक दिलंव नाय म्हणूक नाय? दुबईच्या पैशांचा तीन मजली घर बांधलंस, तेका कदी एक खोली देवची सुचली तुका? माझ्या बापाशीकय सुचली नाय. दोगय सारकेच! लुगडा देवन मोकळे! बंदूक वितळली तर वितळांदे, पण मी सगळ्या गावाक सांगतलंय कशाक वितळली ता!"

दुधवाले किटल्या उचलून जरा लांब जाऊन उभे राहिले. बापूकाका नळ्यांकडे बघत होता. मला वाटलं आता हा मला मारतो. पण तो म्हणाला, "म्हंजे दादा खरा बोलत होतो."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला तात्यांना दादा म्हणताना ऐकलं.

"तेणा शपथ घेतल्यान होती माझ्यासमोर. पोरीच्या डोक्यार हात ठेवन. तुझ्या. तरी मी आयकलंय नाय. आणि तेची तिरडी गडग्यावरसून बगीत रवलंय." त्याने तोंड फिरवलं. गाडी आली, थांबली, गेली. तो चढला नाही.

आम्ही परत गेलो तेव्हा आते अंधारातच बसून होती. तिने फळी उचललेली नव्हती. बापूकाकाने नळ्या तिच्या मांडीवर ठेवल्या, मी दस्ता दिला. तिने न बघता दस्त्यात नळ्या अडकवल्या, लाकूड खालून टेकवलं आणि अंगठ्याने दाबलं. खट् असा एक आवाज झाला. तिने बंदूक हलवून दाखवली. काही खुळखुळलं नाही.

दसऱ्याला आमच्या अंगणात सगळी भावकी जमली. त्या वाटणीतले दोन पंच अजून जिवंत होते, त्यांना खुर्च्या दिल्या होत्या. पूजा झाली. ठाण्याच्या परवानगीने बारासाठी आणलेलं एकच काडतूस माझ्या मुठीत होतं. बापूकाका उभा राहिला, घसा खाकरला, आणि सदऱ्याच्या गुंडीला सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटला. पंचांनी माना डोलावल्या, जशा तीस वर्षांपूर्वी डोलावल्या असतील.

बायकांमधून, मागच्या बाजूने, आतेचा आवाज आला.

"आयकाक नाय इला. मोठ्यान सांग."

 बापूकाकाने मान वर केली. "तिसरो वाटो आवडाचो होतो!" तो ओरडला, इतक्या जोरात की गडग्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. "आमी तेका दिलो नाय! मी आणि दादान!"

आते उठली. पदर कमरेला खोचत पुरुषांमधून वाट काढत पुढे आली, पूजेतली बंदूक उचलली, उघडली आणि माझ्यापुढे हात केला.

"काडतूस दी," ती म्हणाली.